मुक्तेश्वरच्या थंडीत दगडी पुश्त्याला पोट आलंय : दुरुस्ती की नवी भिंत?

उतारावरचं_घर

नमस्कार मंडळी. नैनिताल जिल्ह्यात मुक्तेश्वरजवळ, साधारण २२०० मीटर उंचीवर आमचं लहानसं घर आहे. डोंगर कापून केलेल्या सपाटीवर घर आणि सपाटीच्या खालच्या कडेला दगडी संरक्षक भिंत. इथले लोक तिला पुश्ता म्हणतात. भिंतीची माहिती अशी:

लांबी १४ मीटर, समोरून दिसणारी उंची २.४ मीटर, जाडी वरपासून खालपर्यंत सारखी ४५ सें.मी. सिमेंटमधलं अनघड दगडी बांधकाम, मसाला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती). समोरची बाजू अगदी ओळंब्यात, कल नाही. वीप होल (मागचं पाणी बाहेर पडायची छिद्रं) ५० मि.मी.चे, दर तीन मीटरवर एक, तळाजवळ एकच ओळ. त्यातले निम्मे मातीने बंद. भिंतीच्या पाठीपासून घराचा पाया ३ मीटरवर आहे आणि तो ९० सें.मी. खोल आहे. भिंतीच्या पुढे पायवाटेपर्यंत आमची दीड मीटर जागा मोकळी आहे.

भिंतीचं तोंड दक्षिणेला. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री पारा उणे ३-४ पर्यंत उतरतो, दुपारी चांगलं ऊन असतं. दोन-तीनदा बर्फ पडतो. मधल्या पाच मीटरमध्ये भिंत ९ सें.मी. पुढे आली आहे, तिथली दर्जा (दगडांच्या सांध्यांत बाहेरून भरलेला मसाला) निघाली आहे, काही दगडांचे पापुद्रे सुटताहेत आणि खालच्या भागात पांढरे डाग आहेत.

ठेकेदार म्हणतो, बाहेरून १५ सें.मी. काँक्रीटचा थर ओतून प्लॅस्टर करू. गावातले मिस्त्री म्हणतात, सगळं काढा आणि सिमेंट न घालता सुका पुश्ता बांधा. दोघांत कोणाचं ऐकावं? आणि पावसाळ्याआधी काय करणं अत्यावश्यक आहे?

ओळंबा

ठेकेदाराचा उपाय अजिबात करू नका. पाठीमागचं पाणी तसंच राहील आणि बाहेर पडायच्या उरल्यासुरल्या फटीही बंद होतील. जुन्या दगडावर नवा काँक्रीटचा थर चिकटत नाही. मधल्या सांध्यात पाणी शिरतं, रात्री गोठतं आणि दोन-तीन हिवाळ्यांत थर ढोल वाजावा तसा पोकळ वाजू लागतो. प्लॅस्टरचंही तेच होतं.

पण मला थंडीपेक्षा जाडीची काळजी जास्त वाटते. हिशेब करून बघू. मातीचं वजन दर घनमीटर १८ किलोन्यूटन, घर्षणकोन ३० अंश धरला तर दाबाचा गुणांक, म्हणजे मातीच्या उभ्या दाबापैकी आडवा होणारा हिस्सा, एक तृतीयांश येतो. २.४ मीटर उंचीवर एक मीटर लांबीमागे आडवा रेटा सुमारे १७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेदोन टन. तो उंचीच्या एक तृतीयांशावर लागतो. उलथवणारा घूर्ण (रेटा गुणिले त्याची तळापासूनची उंची) जवळपास १४. तुमच्या भिंतीचं वजन मीटरमागे २६ किलोन्यूटन आणि ते पुढच्या कडेपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. सावरणारा घूर्ण ६ सुद्धा भरत नाही. तो उलथवणाऱ्याच्या किमान दुप्पट हवा, तुमच्याकडे निम्म्याहून कमी आहे.

म्हणजे या भिंतीने माती अडवलेलीच नाही. डोंगराची कापलेली माती आपल्या चिकटपणावर उभी आहे आणि भिंत तिच्या अंगावरचा सदरा आहे. माती पाण्याने भरली किंवा गोठून फुगली की हा चिकटपणा जातो आणि तेव्हा पोट येतं. अशा भिंतीची दुरुस्ती होत नाही. माझा ठोकताळा असा की फुगवटा जाडीच्या सहाव्या भागापलीकडे गेला की भिंत उतरवायची. तुमच्या ४५ सें.मी.चा सहावा भाग साडेसात. तुम्ही ९ वर आहात.

गावातल्या मिस्त्रींचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. फक्त पूर्ण सुका पुश्ता नको, कारण हा भूकंपाचा पट्टा आहे आणि वर घर आहे. तपशील देतो, पण आधी तीन गोष्टी सांगा. छपराचं पाणी आणि बर्फ कुठे पडतो? सांडपाण्याचा शोषखड्डा कुठे आहे? आणि मागची माती कशी आहे? काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात खाली बसेल ती रेती, पुढच्या दोन तासांत बसेल तो गाळ, त्यानंतरही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. थरांची जाडी पट्टीने मोजा.

हिमरेषा

ओळंबा यांच्या हिशेबाला थंडीची बाजू जोडतो, कारण या विषयात एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दगडाचे पापुद्रे आणि दर्जा निघण्याचं कारण तेच आहे. पण भिंत पुढे ढकलली जाते ती मुख्यतः वेगळ्या कारणाने.

स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं, तरी माती वर उचलली गेली. म्हणजे फुगवटा येतो तो आहे त्या पाण्याच्या प्रसरणाने नाही. गोठणारा थर खालच्या, न गोठलेल्या मातीतून नवं पाणी ओढून घेत राहतो. त्या पाण्याचे बर्फाचे पातळ थर एकावर एक साचतात. याला तीन गोष्टी एकत्र लागतात: शून्याखालचं तापमान, पाण्याचा पुरवठा आणि पाणी वर ओढणारी बारीक, गाळाची माती. जाड रेती आणि खडीत केशाकर्षण नसतं, म्हणून तिथे हे थर बनत नाहीत. घट्ट चिकणमातीतून पाणी इतकं हळू सरकतं की थर फार वाढत नाहीत. सगळ्यात वाईट गाळ.

आता पुश्त्यात काय होतं ते पाहा. मोकळ्या जमिनीत थंडी वरून खाली उतरते, म्हणून बर्फाचे थर आडवे बनतात आणि जमीन वर उचलली जाते. भिंतीत थंडी समोरून आत शिरते. बर्फाचे थर भिंतीला समांतर, उभे बनतात आणि रेटा सरळ बाहेर. त्यात दगड मातीपेक्षा उष्णता लवकर वाहून नेतो, त्यामुळे ४५ सें.मी. भिंतीमागची माती तेवढ्याच खोलीवरच्या मोकळ्या मातीआधी गोठते. भिंतीचा वरचा भाग तर दोन बाजूंनी गार होतो, समोरून आणि माथ्यावरून. म्हणून वरचा मीटरभर भाग आधी झुकतो.

थंडी थांबवणं आपल्या हाती नाही. माती आणि पाणी आहे. भिंतीमागे दंव पोहोचेल तितक्या जाडीत अशी भरती घाला की ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ५ टक्क्यांपेक्षा जास्त माल खाली जाणार नाही. धुतलेली खडी असली की हा प्रश्न मिटतो.

दक्षिणमुखी भिंतीबद्दल एक सांगतो. लोकांना वाटतं उन्हाची बाजू सुरक्षित. उत्तरेची भिंत एकदा गोठली की कित्येक दिवस गोठलेलीच राहते. तुमची रोज दुपारी वितळते आणि रोज रात्री गोठते. दगडाला आणि मसाल्याला मारते ती ही ये-जा. त्यामुळे दगडाची निवड तुमच्यासाठी जास्त कडक हवी.

उतारावरचं_घर

दोघांचेही आभार. विचारलेली माहिती:

छप्पर टीनचं, दोन्हीकडे उतरतं. पुश्त्याकडची पागोळी घराच्या भिंतीपासून ६० सें.मी. बाहेर येते, पन्हळ नाही. बर्फ घसरतो तो घर आणि पुश्ता यांच्यामधल्या पट्ट्यावर. शोषखड्डा घराच्या पूर्व टोकाला, पुश्त्यापासून अडीच मीटरवर.

बरणीतले थर: रेती ४० टक्के, गाळ ४५, बाकी चिकणमाती.

दगडांचीही चाचणी केली. उन्हात चार दिवस वाळवून वजन, मग २४ तास पाण्यात ठेवून पुसून वजन. पांढरट कठीण दगड ६.२० किलोवरून ६.२४. चकचकीत अभ्रकाचा, थराथराचा दगड ५.४० वरून ५.६१. जुन्या भिंतीत अंदाजे एक तृतीयांश दगड या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

ओळंबा

माहिती नेमकी दिलीत, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येईल.

पहिला शत्रू शोषखड्डा. रोजचं सांडपाणी कोमट असतं, ते बारा महिने पुश्त्यामागच्या मातीला ओलं ठेवतं. पांढरे डागही अशाच सतत झिरपणाऱ्या पाण्याचे असतात. तो पुश्त्याच्या टोकापलीकडे, उताराच्या खालच्या बाजूला हलवा. हे न करता नवी भिंत बांधणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं, टीनला पुश्त्याच्या बाजूने पन्हळ आणि बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या. बर्फाचा ढीग नेमका भरतीवर साचतो, दिवसा वितळून आत मुरतो आणि रात्री भिंतीमागे गोठतो. पन्हळीचं पाणी बंद पाइपने थेट पायवाटेच्या गटारात न्या.

दगड: पहिल्याने ०.६ टक्के पाणी घेतलं, उत्तम. दुसऱ्याने जवळपास ३.९. अनघड बांधकामाच्या दगडाला ५ टक्क्यांपर्यंत शोषण चालतं असं मानक सांगतं, पण जिथे रोज गोठतं तिथे मी २ टक्क्यांवर रेघ मारतो. चकचकीत दगड भिंतीत नको, ना तोंडाला ना पोटात. पायवाटेच्या कडेला किंवा फुलझाडांच्या वाफ्याला वापरा. हातोडीचा ठोका खणखणीत वाजला तर दगड घ्या, बद्द वाजला तर बाजूला. जे दगड थरांचे आहेत पण कठीण आहेत, ते नेहमी थर आडवे राहतील असेच बसवा. थर उभे करून तोंडाला लावलेला दगड पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो.

आता छेद, म्हणजे भिंत आडवी कापली तर दिसणारा आकार. पायासकट एकूण उंची ३ मीटर, म्हणजे पाया समोरच्या जमिनीखाली ६० सें.मी. माथा ६० सें.मी. रुंद, तळ १.६ मीटर. पाठ उभी, तोंडाला आत कल, दर तीन मीटरला एक मीटर. तळ सपाट खणू नका. तो डोंगराच्या बाजूला खाली उतरता हवा, सहास एक, म्हणजे १.६ मीटर रुंदीत मागची कड पुढच्या कडेपेक्षा २७ सें.मी. खोल. ही एक गोष्ट फुकट मिळते आणि घसरण्याविरुद्धची सुरक्षितता साधारण १.३ वरून १.९ वर नेते. सपाट तळाच्या सुक्या भिंती उलथण्याआधी घसरतात.

बांधकाम असं: जमिनीखालचे ६० सें.मी. सिमेंटमध्ये, माथ्याचे ५० सें.मी. सिमेंटमध्ये, मधला १.९ मीटर सुका. शिवाय दर साडेतीन मीटरवर ६० सें.मी. रुंदीचा उभा सिमेंटचा पट्टा, दोन टोकं धरून पाच पट्टे. भूकंपात सुका भाग सुटलाच तर दोन पट्ट्यांच्या मधलाच सुटतो, सगळी भिंत ओळीने जात नाही. मधला भाग सुका ठेवायचा कारण तो स्वतःच एक मोठं वीप होल असतो आणि थोडी हालचाल न फुटता पचवतो.

माल: एकूण बांधकाम सुमारे ४६ घनमीटर. सुटा दगड त्याच्या सव्वापट लागतो, म्हणजे ५७-५८ घनमीटर. जुन्या भिंतीतून चकचकीत दगड वगळून ९-१० घनमीटर निघतील. सिमेंटमधला भाग साडेतेवीस घनमीटर. मसाला १:४ धरला तर घनमीटरमागे अडीच पोती, एकूण ६० पोती. रेती हल्द्वानीकडून गौला नदीची आणा. डोंगर फोडून काढलेल्या रेतीत अभ्रक आणि गाळ फार असतो आणि १:६ चा तुमचा मसाला चुरा होण्यात त्याचाही वाटा असणार.

गवंडीकाम

छेद ठीक आहे. पण सुक्या भिंतीचं यश छेदात कमी आणि हातात जास्त, म्हणून मिस्त्रींशी बोलताना या गोष्टी आधीच ठरवून घ्या.

दोरी तोंडाच्या कलाला लावायची. त्यासाठी फळ्यांची चौकट करून दोन्ही टोकांना रोवा, नाहीतर कल चढत जाताना बदलतो. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे. उभा सांधा दोन थरांपलीकडे सरळ जाता कामा नये. थर जमिनीला आडवे नकोत, तेही तळासारखेच आत उतरते ठेवा, म्हणजे वरचं वजन दगडाला डोंगराकडे ढकलतं. दगडाची लांब बाजू आत जाईल असा बसवा. तोंड रुंद दिसावं म्हणून लांब बाजू समोर लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. दिसायला देखणी, पण असा दगड हाताने उपटता येतो.

हेडर म्हणजे आरपार जाणारा लांब दगड, आडव्या दिशेने दर दीड मीटरला आणि उभ्या दिशेने दर ६० सें.मी.ला, वरच्या-खालच्या ओळीत एकाआड एक. खाली भिंत दीड मीटर रुंद, तेवढा दगड मिळत नाही. मग दोन-तीन लांब दगड एकमेकांवर किमान १५ सें.मी. चढवून पुढून मागे साखळी करायची. हेडर कुठे बसवले ते तोंडावर खडूने खूण करायला सांगा आणि मोजा. मजुरी घनमीटरवर ठरलेली असली की हेडरच आधी गाळले जातात.

पोटातली भरती टोपलीने ओतायची नाही. तोही दगड हाताने बसवायचा. चिपा (फटीत बसवायचे छोटे दगड) आतून ठोकायच्या. बाहेरून ठोकलेली चीप गोठण्या-वितळण्यात सैल होऊन पहिल्याच हिवाळ्यात खाली पडते आणि मग वरचा दगड डुगडुगतो.

सिमेंटच्या भागात दर्जा उठावाची करू नका. उंचावलेल्या कडेवर पाणी थबकतं, रात्री गोठतं आणि कड तुटते. दगडाच्या कडेपासून ५-६ मि.मी. आत, खालच्या बाजूला किंचित उतरती दर्जा टिकते. माथ्यावर सपाट दगडांचं कोपिंग (भिंत झाकणारा थर), पुढे ५ सें.मी. बाहेर, उतार मागच्या गटाराकडे. कोपिंगच्या सांध्यांतून पाणी उतरणार नाही याकडे लक्ष द्या, कारण माथ्याची भिंत सगळ्यात आधी गारठते.

आणि वेळ. ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा उत्तम काळ. त्यानंतर रात्री दहिवर गोठायला लागलं की सिमेंटचं काम बंद. ताजा मसाला पकडायच्या आत गोठला तर तो कायमचा भुसभुशीत राहतो, मागाहून कितीही पाणी मारा. हवा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम त्या दिवशी थांबवावं. संध्याकाळी झालेल्या कामावर कोरडा पेंढा आणि वर ताडपत्री. पाणी मारायचं ते सकाळी ऊन चढल्यावर, संध्याकाळी नाही. बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं, ते थंडीत हळू पकडतं. उशिराच्या कामाला ४३ ग्रेडचं ओपीसी (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) शोधा.

उतारावरचं_घर

दोन शंका आहेत. घर तीन मीटरवर असताना १.६ मीटर रुंद तळ खणताना घराच्या पायाला धोका नाही का? आणि वीप होल थंडीत बर्फाने बंद होतात, हे इथे दर वर्षी दिसतं. मग निचरा करायचा कसा?

ओळंबा

पहिल्या शंकेचं उत्तर. सगळी रुंदी मागे घेऊ नका. तुमची पुढे दीड मीटर जागा आहे, तिच्यातले ८० सें.मी. वापरा. जुन्या भिंतीची ४५ सें.मी. आणि मागे फक्त ३५ सें.मी. झाले १.६ मीटर. नव्या तळाच्या मागच्या कडेपासून घराचा पाया २.६५ मीटर लांब राहतो आणि उभा फरक तिरक्या तळासकट २.३७ मीटर. म्हणजे तळाच्या कडेतून ४५ अंशांची रेघ काढली तर घराचा पाया तिच्या बाहेर राहतो. फरक फार मोठा नाही, म्हणून खोदकाम एकदम सगळं उघडायचं नाही. साडेतीन मीटरचे चार भाग करा. पहिला आणि तिसरा आधी, एका वेळी एकच, आणि तो माथ्यापर्यंत बांधून भरती झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. मग दुसरा, शेवटी चौथा. भागांच्या सीमेवरच उभे सिमेंटचे पट्टे येतात, तिथे दाती (पुढच्या भागाचे दगड अडकायला एकाआड एक पुढे काढलेले दगड) सोडून ठेवा. उतरवताना माथ्याकडून खाली यायचं. फुगलेल्या भागाखाली कोणालाही उभं राहू देऊ नका.

दोन छोट्या भिंतींची पायरी करा असाही सल्ला मिळेल. त्यात वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट मागे हवी, म्हणजे १.२ मीटरच्या दोन भिंती केल्या तर २.४ मीटर. घर तीनवर असताना ते जमत नाही.

छेद आणि खोदकामाचा क्रम स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जागेवर तपासून घ्या. वर राहतं घर आहे आणि माझ्या हिशेबात भूकंपाचा जादा रेटा धरलेला नाही. खणताना तळाला खडक किंवा घट्ट मुरूम न लागता भरावाची सैल माती लागली तर सगळे आकडे बदलतात, तेव्हा काम थांबवून त्यांना बोलवा.

हिमरेषा

निचऱ्याचं मी सांगतो. आधी पाण्याची किंमत कळावी म्हणून ओळंबा यांच्याच छेदावर आकडे. निचरा चालू असताना ३ मीटर उंचीवर रेटा मीटरमागे २७ किलोन्यूटन. पाठीमागे माथ्यापर्यंत पाणी साचलं तर ५९. चौदा मीटर भिंतीवर ३८ टनांचे ८४ टन. घसरण्याविरुद्ध घर्षण मिळतं मीटरमागे ३५-३६ किलोन्यूटन, तळाचा तिरकेपणा धरला तरी पन्नासच्या आसपास. म्हणजे पाणी साचलं तर ही जाडजूड भिंतही जाईल. सिमेंटची आणखी पोती ओतून हा फरक भरून निघत नाही.

वीप होल बर्फाने बंद होतात हे खरं आहे, म्हणून त्यांना एकमेव वाट मानायचं नाही. पायाच्या मागची खाच समोरच्या जमिनीच्या पातळीपर्यंत साध्या काँक्रीटने भरा, वरून पाइपच्या दिशेने उतार द्या. नाहीतर ते डबकं होतं आणि पाया भिजत राहतो. त्यावर ११० मि.मी.चा छिद्रांचा पीव्हीसी पाइप, छिद्रं खालच्या अंगाला, उतार शंभरास एक. चौदा मीटरमध्ये १४ सें.मी. पाइपभोवती सगळीकडून १५ सें.मी. धुतलेली २० मि.मी. खडी. हा पाइप भिंतीच्या तोंडापासून मीटरभराहून अधिक आत आणि माथ्यापासून दोन मीटरहून अधिक खोल असतो, तिथे पाणी गोठत नाही. गोठतं ते फक्त तोंडाशी. म्हणून शेवटचा दीड-दोन मीटर पाइप बिनछिद्राचा, खडा उतार देऊन पश्चिमेच्या टोकाला उन्हात काढा आणि तोंड जमिनीपासून २० सें.मी. वर ठेवा, म्हणजे साचलेल्या बर्फाखाली ते दबत नाही. तोंडाला जाळी, नाहीतर उंदीर घर करतात. पूर्वेच्या टोकाला पाइप वर आणून झाकण लावा, वर्षातून एकदा पाणी सोडून धुता येईल.

पाइपच्या वर, भिंतीच्या पाठीला लागून, खडीचा उभा थर. खाली ३० सें.मी. पुरे, पण वरच्या मीटरभरात तो ४५ सें.मी. करा, कारण दंव तिथे जास्त आत जातं. एकूण १३ घनमीटर खडी लागेल. खडी आणि डोंगराची माती यांच्यामध्ये न विणलेलं, २०० ग्रॅमचं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), सांध्याला ३० सें.मी. चढ. तुमच्या मातीत ४५ टक्के गाळ आहे. कापड नसेल तर काही पावसाळ्यांत तो गाळ खडीत उतरेल आणि खडीचा थर पुन्हा दंवाला बळी पडणारी माती होईल. मी सगळ्यात जास्त निकामी झालेले पुश्ते याच कारणाचे मानतो. खडी होती, पण गाळाने भरून गेली होती.

खणून निघालेली माती पुन्हा भिंतीमागे टाकायचा मोह होतो, तो टाळा. ती फक्त सगळ्यात वर, खडीवर कापड घालून २५ सें.मी.ची टोपी म्हणून चालेल, आणि तीही चिकणमाती मिसळून, भिंतीपासून दूर उतार देऊन. भिंतीच्या पाठीपासून ६० सें.मी.वर ३० बाय ३० चं पक्कं गटार. भरती १५-२० सें.मी.च्या थरांत धुमुसने दाबा. भिंतीलगतच्या मीटरभरात यंत्राचा रोलर आणू नका.

उभ्या सिमेंटच्या पट्ट्यांत मात्र वीप होल ठेवा, १०० मि.मी.चे, दीड मीटर अंतराच्या दोन पातळ्यांवर, बाहेर उतरते. पावसाळ्यात ते उपयोगी पडतात.

पायरीपायरी_डोंगर

इथे काँक्रीटच्या भिंतीचा पर्याय कोणी मांडला नाही, म्हणून थोडक्यात. तीन मीटरची आरसीसी भिंत कमी जागेत बसते, पण गोठणाऱ्या हवेत तिला साधं काँक्रीट चालत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार एम ५० पेक्षा कमी ग्रेडच्या (ताकदीच्या), गोठण्या-वितळण्याला तोंड देणाऱ्या काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे मुद्दाम घालावे लागतात, २० मि.मी. खडीला ५ टक्के, एक टक्का इकडेतिकडे. त्यासाठी मिश्रक, ते मोजायचं उपकरण आणि नियंत्रण लागतं. डोंगरावर हातमिक्सरने ते साधणं कठीण. निचरा तर तितकाच लागतो.

गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, इथली क्रेट वायर, हा खरा पर्याय आहे. चांगले मिस्त्री मिळाले नाहीत तर तोच घ्या. दुहेरी पीळ असलेली जस्त चढवलेली जाळी, दगड जाळीच्या भोकाच्या दीड ते दोनपट, पेटी तीन टप्प्यांत भरायची आणि प्रत्येक टप्प्याला पुढची-मागची बाजू तारेने आडवी बांधायची. ती बांधली नाही तर प्रत्येक पेटीला वेगळं पोट येतं. मागे जिओटेक्स्टाइल इथेही हवंच. चकचकीत अभ्रकाचा दगड जाळीतही नको, तो भुगा होऊन गळतो आणि पेटी बसते.

अमेरिकेतल्या थंड राज्यांत घराभोवती सुट्या काँक्रीट ब्लॉकच्या, मसाला नसलेल्या भिंती खूप असतात. मिनेसोटात घराचा पाया विभागानुसार ४२ किंवा ६० इंच खोल न्यावा लागतो, पण या ब्लॉकच्या भिंती खडीच्या पातळ थरावर उथळच बसवतात, कारण थोड्या हलल्या तरी त्या फुटत नाहीत. लवचीक भिंत आणि मागे कोरडी खडी, तत्त्व सुक्या पुश्त्याचंच.

उतारावरचं_घर

ऑक्टोबरचं काम पक्कं करतो. शोषखड्डा आणि पन्हळ एप्रिलमध्येच. पण मधला पावसाळा काढायचा कसा? आता फेब्रुवारी आहे.

ओळंबा

फुगलेल्या पाच मीटरसमोर आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटर, असा सात मीटरचा पोत्यांचा धक्का रचा. पोत्यांत माती नको, खडी भरा, म्हणजे पाणी त्यातून निघून जाईल. तळाशी मीटरभर रुंद, उंची ९० सें.मी., विटांसारखा सांधेमोड करून. पोती उन्हाने फाटतात, त्यावर जुनी ताडपत्री टाका, पण तळाची कड मोकळी ठेवा.

बंद वीप होल सळईने हलक्या हाताने मोकळे करा. नवीन छिद्रं पाडायची तर फुगलेल्या भागात ठोकणारं ड्रिल चालवू नका. फिरणाऱ्या कोअर कटरने, दोन्ही टोकांकडून सुरुवात करून, ७५ मि.मी.ची, दर दीड मीटरला. मागच्या पट्ट्यावर जाड प्लॅस्टिक पसरून त्याचं पाणी पूर्व-पश्चिम टोकांना काढा. त्या पट्ट्यावर बांधकामाचा दगड, वाळू, गाडी काहीही ठेवायचं नाही. ऑक्टोबरसाठी आणलेला दगड पायवाटेच्या पलीकडे रचा.

फुगवट्यावर तीन जागी माथ्यापासून ओळंबा सोडा, दगडावर रंगाने खूण करून अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. आता आठवड्याला एकदा आणि पावसाळ्यात रोज. फेब्रुवारीत दुपारी एकदा आणि पहाटे एकदा मोजा. दोन्हींत फरक पडत असेल तर मागे बर्फ बनतो आहे हे नक्की. पावसात आठवड्याला ५ मि.मी.पेक्षा जास्त सरकली, किंवा घर आणि पुश्ता यांच्यामधल्या जमिनीत भिंतीला समांतर भेग दिसली, तर त्या बाजूच्या खोलीत झोपणं बंद करा, खालची पायवाट अडवा आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने ठासून वर प्लॅस्टिक टाका. तिच्यात सिमेंट ओतू नका.